गोशाळा काढायची म्हणताय? आधी मे महिन्यातला चारा मोजा

गावात दोन-चार भाकड गाई मोकाट फिरायला लागतात. एखादी कुणाच्या तरी उसात शिरते, बांधावर भांडण होतं आणि पारावर बसलेलं कुणीतरी म्हणतं, "आपण एक गोशाळाच काढू या की." वर्गणी जमते, पत्र्याची शेड उभी राहते, पाटी लागते, नारळ फुटतो. हे बहुतेक दिवाळीच्या सुमारास होतं. तेव्हा शिवारात हिरवं असतं आणि लोकांच्या हातात चार पैसे असतात. मे उजाडेपर्यंत कडबा संपलेला, बोअर आटलेला आणि जनावरं मात्र दुप्पट झालेली.

म्हणून या कामात नव्याने पडणाऱ्याला मी आधी एकच गोष्ट सांगतो. गोशाळेत किती गाई मावतील हे शेडच्या लांबी-रुंदीवर ठरवू नका. मे महिन्याच्या अखेरीला गंजीत किती चारा उरेल त्यावर ठरवा. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

गाई रस्त्यावर का येतात, ते आधी बघा

गाय सोडून देणारा प्रत्येक जण निर्दय असतो असं मला वाटत नाही. ट्रॅक्टर आला आणि बैलांचं काम गेलं. महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यातल्या १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गाईंबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हातारं जनावर बाजारात विकायचं, त्यात थोडी भर घालून नवं घ्यायचं, हा शेतकऱ्याचा जुना हिशेब तिथे अडला. दूध न देणारी गाय दाव्याला बांधून ठेवायची तर तिला दुभत्या गाईइतकाच कडबा लागतो. त्यात दुष्काळी साल आलं की लोक रात्री टेम्पोत घालून जनावर दुसऱ्या गावच्या हद्दीत नाहीतर देवस्थानाच्या आवारात सोडून येतात.

तेव्हा पहिली पायरी शेड बांधण्याची नाहीच. गावात कोण कोण गाय सोडायच्या बेताला आलंय याची यादी करा. त्यातल्या निम्म्या घरांना उन्हाळ्याचे तीन-चार महिने चारा पोचवला तर गाय त्यांच्याच गोठ्यात राहते. तिची माणसं तिला ओळखतात, रात्री-अपरात्री उठून बघतात, आणि तुमचा मजुरीचा खर्च वाचतो. हे काम फोटोत दिसत नाही, त्यामुळे वर्गणी कमी मिळते. तरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय हाच आहे.

एवढं करूनही ज्या उरतील त्यांच्यासाठी गोशाळा. आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. मुंबईत भुलेश्वरचं पांजरपोळ, म्हणजे निराधार जनावरांचं आश्रयस्थान, १८३४ पासूनचं. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद, म्हणजे शब्बीर मामू, यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. दुष्काळी पट्ट्यात त्यांच्या घराने शंभरावर गुरं सांभाळली, आणि शेणखत हा त्यांचा मोठा आधार राहिला. देणग्यांचे फलक बघण्यापेक्षा अशा ठिकाणी जाऊन चाऱ्याची वही बघा.

चाऱ्याचं गणित

तीन-साडेतीनशे किलोच्या देशी गाईला दिवसाला साधारण ५-६ किलो सुका आणि ८-१० किलो हिरवा चारा लागतो. हिरवा नसेल तर सुका ७-८ किलोपर्यंत जातो. ५० जनावरं धरा. नुसता सुकाच रोज ३०० किलो, महिन्याला ९ टन, वर्षाला ११० टनांच्या घरात. हा आकडा समितीच्या पहिल्या बैठकीत फळ्यावर लिहा. निम्मी मंडळी तिथेच गप्प होतात, आणि ते बरंच असतं.

खरेदीची वेळ चुकवू नका. रब्बी ज्वारी निघते तेव्हा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कडबा त्यातल्या त्यात स्वस्त असतो. वर्षाचा कडबा तेव्हाच भरून ठेवायचा. सोयाबीनचं, तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट मळणी चालू असताना शेतातूनच उचला. पुष्कळ शेतकरी ते फुकट देतात, फक्त ट्रॅक्टर तुमचा पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांचा हंगाम असेपर्यंत उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मुबलक मिळतं. पण नुसत्या वाढ्यावर गुरं ठेवू नका. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातला कॅल्शियम कमी होतो आणि म्हाताऱ्या गाईची हाडं आधीच ठिसूळ असतात. वाढ्याबरोबर कडबा आणि खनिज मिश्रण हवंच.

गंज्या दोन-तीन ठिकाणी, एकमेकींपासून लांब घाला, विजेच्या तारेखाली कधीच नको. एका ठिणगीत वर्षभराचा चारा जातो. पावसाळ्याआधी वर ताडपत्री आणि खाली दगड किंवा लाकडं. बुरशी धरलेला कडबा "गाई खातात की" म्हणून टाकू नका, त्याने गुरं आजारी पडतात. कुट्टी यंत्राला (चारा बारीक कापायच्या यंत्राला) हाताचं संरक्षक झाकण आहे की नाही ते बघा. नवे स्वयंसेवक सगळ्यात जास्त उत्साहाने त्या यंत्रापाशीच जातात.

पाणी गाईमागे ४०-५० लिटर, उन्हाळ्यात ६० पर्यंत. म्हणजे ५० जनावरांना रोज दोन ते तीन हजार लिटर. बोअर आटल्यावर टँकर कुठून येणार आणि पैसे कोण देणार, हे जानेवारीतच ठरलेलं असावं.

आणि चारा पन्नासांचा असेल तर गाई चाळीसच घ्या. उरलेल्या दहा जागा अपघातात सापडलेल्या, विहिरीत पडलेल्या जनावरांसाठी लागणारच आहेत. दारात आलेल्याला "जागा नाही" म्हणणं फार जड जातं, लोक पाप लागेल म्हणतात. पण चाळीस गाई पोटभर खातायत त्या ठिकाणी ऐंशी कोंबल्या तर उन्हाळ्यात उपासमार सगळ्यांचीच होते.

जागा आणि गोठा

डोक्यावर छप्पर असलेली जागा गाईमागे ४० चौरस फूट, आणि तिच्या दुप्पट मोकळं कुंपण. बांधून ठेवण्यापेक्षा मुक्त संचार गोठा बरा: मजूर कमी लागतात, गाई हिंडत्या-फिरत्या राहतात. जमीन मुरमाची ठेवा. गुळगुळीत सिमेंटवर म्हातारी गाय घसरली की खुब्यात निखळते, आणि मग ती बहुधा उठत नाही. गव्हाणीची लांबी गाईमागे दोन ते अडीच फूट धरा. ती अपुरी असली की दांडग्या आधी खातात, अशक्त मागे उभ्या राहतात, आणि चारा टाकूनही त्या वाळत जातात. लांब शिंगांची खिल्लार आणि मरतुकडी संकरित गाय एका कप्प्यात ठेवू नका. किमान चार कप्पे हवेत: धट्ट्याकट्ट्या, अशक्त, आजारी, आणि नवीन आलेल्या.

गायरानावर डोळा असेल तर सावध राहा. ग्रामपंचायतीचा ठराव झाला म्हणून गायरान वापरता येत नाही. जमीन शासनाची, परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची. ठरावाच्या जोरावर बांधलेली शेड उद्या अतिक्रमण ठरू शकते.

कागद

थोडक्यात सांगतो, कारण हे काम वकील किंवा सीए नीट करून देतो. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदवा. पॅन, बँक खातं (दोघांच्या सहीचं), दरवर्षी लेखापरीक्षण. देणगीदारांना करसवलत हवी असेल तर आयकर खात्याकडे त्यासाठीची नोंदणी (जुन्या आयकर कायद्यातली १२ए आणि ८०जी). विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. गावोगाव हा राहून जातो आणि दहा वर्षांनी कागदावर वारलेलेच विश्वस्त उरतात. प्राणी कल्याण मंडळाची मान्यता पुढे उपयोगी पडते, पण ती पहिल्या वर्षाचं काम नाही.

गाय दारात आली

इथे घाई करू नका. उतरवण्याआधी मालकाशी बोला आणि लिहून घ्या: नाव, गाव, आधारची प्रत, "स्वखुशीने देत आहे, परत मागणार नाही" असं पत्र, त्यावर दोन साक्षीदार. नाहीतर गाय इथे येऊन व्यायली की तोच मालक वासरासकट न्यायला येतो. जमत असेल तर त्याच्याकडून एक ट्रॉली चारा मागा. ज्याच्या घरी तिने दहा वर्षं दूध दिलं त्याला हे मागायला लाजू नये.

कानातला पिवळा बिल्ला बघा. त्यावरचा १२ अंकी क्रमांक वहीत लिहा आणि फोटो काढा. बिल्ला नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून मारून घ्या. भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर नोंद असल्याशिवाय पुढचं काही हलत नाही.

मग गाय नीट बघा. खालचा ओठ हळूच खाली ओढा. गाईला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. साधारण पाच वर्षांची झाली की ते सगळे जुळलेले असतात. म्हातारीचे दात झिजून बुटके, पिवळे, एकमेकांपासून सुटलेले दिसतात, काही हलतात, काही गेलेले असतात. असे दात असलेली गाय अख्खा कडबा चघळत राहते आणि तसाच टाकून देते. लोक म्हणतात खात नाही. तिच्यासाठी चारा वेगळा करावा लागणार, हे तिथेच वहीत लिहायचं. कानाच्या आत आणि शेपटीच्या मुळाशी गोचीड असतात, तिथे बोट फिरवा. शिंग हलतंय का, एका बाजूला झुकलंय का, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतंय का ते बघा. ही शिंगाच्या कर्करोगाची लक्षणं असू शकतात. शेवटी डाव्या कुशीवर मूठ दाबा. बरगड्या मोजता येतायत, पण पोट मात्र मोठं आणि भिजवलेल्या कणकेसारखं दबलेलं राहतंय, रवंथ नाही, शेण थोडं आणि काळपट, असं असेल तर पोटात प्लास्टिक असण्याची शक्यता दाट. शहराकडून आलेल्या गाईत हे फार आढळतं. शस्त्रक्रियेने ते काढता येतं, पण गाय ती सोसेल का हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

नवीन गाय दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीनंतर हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. आणि उपाशी आलेल्या जनावरापुढे पहिल्याच दिवशी पेंडीचं घमेलं ठेवू नका. सुका चारा, पाणी, थोडं मीठ. पेंड हळूहळू वाढवत.

पोलिसांनी आणलेली जनावरं

रात्री दीडला फोन येतो, "गाडी पकडलीय, अठरा जनावरं आहेत, उतरवून घ्या." ही जनावरं तुमची होत नाहीत, ती खटल्यातला मुद्देमाल असतात. पंचनाम्याची आणि सुपूर्दनाम्याची (जनावरं तुमच्या ताब्यात दिल्याच्या कागदाची) प्रत हातात आल्याशिवाय उतरवू नका. प्रत्येकाचा रंग, शिंगं, बिल्ला क्रमांक लिहा, जखमांचे फोटो काढा, पशुवैद्यकांचा तपासणी दाखला घ्या. एखादं मेलं तर लगेच पोलिसांना कळवून शवविच्छेदन करून घ्या. ही जनावरं शेतकऱ्यांना वाटून टाकता येत नाहीत, विकता तर नाहीच. न्यायालयाने मालकाला परत द्यायला सांगितली तर द्यावी लागतात. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत अशा जनावरांच्या पालनपोषणाचा खर्च मालकाकडून वसूल करण्याची तरतूद आहे. तेव्हा पहिल्या दिवसापासून खर्चाची वेगळी वही ठेवा आणि वकिलामार्फत मागणी करा.

म्हातारी गाय सांभाळताना

कुट्टी बारीक करा. भुसकट पाण्याचा हबका मारून मऊ करा. मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा) जमला तर दात गेलेल्या गाईंना तो फार मानवतो. रोज ३०-५० ग्रॅम खनिज मिश्रण. खुरं वाढलेली असतील तर साळवून घ्या, निम्म्या लंगड्या गाई तेवढ्यानेच नीट चालायला लागतात.

बसलेली गाय ही गोशाळेतली खरी परीक्षा. तिच्याखाली पाचट किंवा भुसकटाचा जाड थर हवा, दर तीन-चार तासांनी कूस बदलायला हवी, पाणी तोंडाशी ठेवायला हवं. एकाच कुशीवर रात्रभर पडली तर पायाचे स्नायू मरतात आणि सकाळी मूळ दुखणं बरं होऊनही ती उठू शकत नाही. हे काम चार माणसांचं आहे, म्हणून रात्रपाळीची यादी लावा. रविवारी गाईला गूळ चारायला येणारे पन्नास असतात. सोमवारी पहाटे कूस बदलायला कोण येणार ते यादीत दिसलं पाहिजे.

सण हा वेगळा धडा आहे. पोळ्याला आणि वसुबारसेला लोक डबे भरभरून पुरणपोळ्या, खीर, भात, चपात्या घेऊन येतात. एका गाईने वीस घरच्या पोळ्या खाल्ल्या की तिच्या पोटात ते पीठ झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं, रवंथ थांबतं, दुसऱ्या दिवशी ती बसते आणि तिसऱ्या दिवशी कधी कधी मरते. लोकांनी श्रद्धेने दिलेलं असतं, त्यामुळे तोंडावर नाही म्हणता येत नाही. उपाय सोपा आहे: फाटकापाशी टेबल मांडा, नैवेद्य तिथेच घ्या, त्यातला एक घास ज्याच्या त्याच्या हाताने गाईला द्यायला लावा, बाकीचं बाजूला. शेजारी हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या ठेवा. पूजा झाली की एक पेंढी घालायची. एवढं केलं की कुणी रुसत नाही. प्लास्टिकच्या पिशव्या फाटकाच्या आत येऊ द्यायच्या नाहीत, दोन्ही हात जोडून, पण नक्की.

दवाखाना

लाळ्या-खुरकताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याच्या आधी, लम्पीची दरवर्षी. जंतनाशक पावसाळ्याआधी आणि नंतर. रात्री-अपरात्री अडचण आली तर फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. गाय गाभडली तर पडलेला गर्भ उघड्या हातांनी उचलू नका, गर्भपात घडवणारा ब्रुसेला हा रोग माणसालाही होतो.

वळू आणि गोऱ्हे वेगळे ठेवा किंवा पशुवैद्यकांकडून खच्ची करून घ्या. नाहीतर बाहेरून एकही जनावर न घेता तुमची संख्या वाढत राहते.

पैसा

३० सप्टेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान ठरलं. अर्ज गोसेवा आयोगाकडे ऑनलाइन करायचा आणि पडताळणी जिल्हा समिती करते. अटी वाचा: किमान तीन वर्षांचा अनुभव, किमान ५० जनावरं, प्रत्येकाला बिल्ला. म्हणजे नव्या गोशाळेने पहिली तीन वर्षं हे पैसे हिशेबात धरायचेच नाहीत. दुसरं असं की अनुदान देशीला आहे, आणि दूधपट्ट्यात सोडून दिली जातात ती बहुतेक होल्स्टीन-जर्सी संकरित गाई आणि त्यांचे गोऱ्हे. कत्तलबंदी सगळ्यांना, अनुदान काहींनाच. मला हे पटत नाही, पण अर्ज भरताना पटण्या-न पटण्याचा प्रश्न येत नाही.

आपलं उत्पन्न म्हणाल तर शेण. एका गाईचं रोज ८-१० किलो, म्हणजे ५० गाईंचं महिन्याला १२ ते १५ टन ओलं शेण. द्राक्ष-डाळिंबवाले कुजलेलं शेणखत ट्रॉलीने नेतात, आगाऊ पैसेही देतात. रोजच्या २५ किलो शेणावर एक घनमीटर गोबरगॅस चालतो, मजुरांची चूल भागते. गोमूत्र अर्क, साबण, धूपकांडी यांच्या नफ्याचे तक्ते घेऊन बरेच जण येतील. करून बघा, पण चारा त्यावर अवलंबून ठेवू नका.

५० जनावरांना पगारी माणसं किमान दोन-तीन लागतातच. त्यांचा पगार थकवून बांधलेली कमान मी पाहिली आहे.

मेलेलं जनावर

जिथे म्हातारी जनावरं तिथे मरण येणारच, त्याची तयारी लाजेची गोष्ट नाही. विहीर-ओढ्यापासून लांब, सहा-आठ फूट खोल खड्डा, वर चुना आणि मीठ. उन्हाळ्यात जेसीबी मिळतो तेव्हा एक-दोन खड्डे आधीच काढून ठेवा, आणि भोवती कुंपण घाला. बिल्ल्याची नोंद प्रणालीवर बंद करून घ्या.

औषधांचा एक संबंध इथे आहे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक २००६ पासून बंद आहे, कारण ते टोचलेलं जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. दुखण्यावर मेलॉक्झिकॅम चालतं. माणसांच्या दुकानातून स्वस्तात आणलेलं इंजेक्शन कुणी टोचत असेल तर थांबवा.

गोशाळा काढायची नसेल, पण हातभार लावायचाय

हेही तितकंच कामाचं आहे. जवळच्या गोशाळेत जाऊन आज गंजीत किती दिवसांचा चारा आहे, एवढं विचारा. उत्तर लगेच आलं तर तिथे निर्धास्त द्या. "देव देतो" असं आलं तर पैशाऐवजी थेट चारा टाका. दिवाळीत देण्यापेक्षा मार्चमध्ये कडबा घेऊन द्या, तेवढ्याच पैशात जास्त येतो. हिशेब लिहिता येत असेल तर महिन्यातून एक दिवस वह्या लिहून द्या, अर्ज ऑनलाइन भरून द्या. अशा माणसाची तिथे वाटच बघत असतात. जुन्या ताडपत्र्या, पोती, दोरखंड, टॉर्च, टाकी हे सगळं चालतं. शिळ्या चपात्या तेवढ्या नेऊ नका.